काळ्या भुकटीवरचा लाल उजेड

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी बाई. आमच्या गास गावात विहिरीपासून चिंचेपर्यंत प्रत्येकीला एकेक भूत आहे... मला मात्र कधी साधी मांजरही आडवी गेली नाही! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पीएचडी करत होते. चंद्राभोवती फिरणारं यान तिथल्या जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश मोजतं. प्रत्येक खनिज त्यातले ठरावीक रंग गिळतं. आलेखात कुठे खड्डा पडलाय ते बघून खाली कुठलं खनिज असेल याचा अंदाज बांधायचा. पण ताडून बघायला इथले दगडही मोजावे लागतात. मी काळा दगड कुटून त्याची भुकटी करायचे आणि आमच्या अंगणात भर उन्हात, तसाच परतलेला उजेड मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवायचे.

या कामाचा एक कडक नियम — अंगात काळे कपडे, आणि जवळ कुणी उभं राहायचं नाही. कपड्यांचा रंग भुकटीवर पडतो आणि यंत्र तोही मोजतं. आईनं हा नियम रोज मोडला. लाल लुगडं नेसून, हातात चहा घेऊन यायची आणि वाकून विचारायची, "काय गं, शिजला का तुझा चंद्र?" झालं! आलेख लाल रंगापाशी टुणकन वर. मी ओरडायचे, ती हसायची.

त्याच वर्षी नाताळच्या आधी ती गेली. पप्पांनी बोलणंच टाकलं. दिवसभर ओट्यावर बसून असायचे, ताट पुढे केलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. हेसुद्धा तिच्या मागोमाग जाणार, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

मे महिन्यात विद्यापीठातून यंत्र पुन्हा मिळालं, संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर. घरात आम्ही दोघंच. मी आधी पांढरी प्लेट मोजली — प्रत्येक वेळी तुलनेसाठी ती मोजावीच लागते — मग भुकटी. आलेख लाल रंगापाशी वर! प्लेट पुसून पुन्हा मोजली, भुकटी बदलली. तीच उडी. दोरीवर कपडे नव्हते, घराची भिंतही दहा-बारा पावलं लांब, आजूबाजूला नुसती हिरवी केळ. "काय कटकट आहे!" मी चिडून म्हटलं.

तेवढ्यात ओट्यावरून पप्पांचा आवाज आला — "हिला कशाला एवढ्या उन्हात उभी केलीस?"

ते आमच्या घरच्या बोलीत बोलले, मी इथे साधं करून लिहितेय. आलेख दाखवणाऱ्या लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडे होती. त्या उडीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

सगळा प्रबंध त्या एका रीडिंगवर अडला होता. पण "आई, लांब हो" म्हणायचं? कसं म्हणणार हो?

पप्पा उठले. चपला घालून अंगणात आले आणि माझ्या डाव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं, तिथे थांबले. अगदी रोजच्यासारखं म्हणाले, "चल गं. पोरीला काम करू दे. मला भूक लागलीय."

मग सावकाश घराकडे गेले... शेजारी एका माणसाची जागा सोडून.

त्या दिवसापासून ते पोटभर जेवायला लागले, बोलायलाही लागले. पण या विषयावर मात्र काही सांगत नाहीत, नुसते हसतात. माझे गाईड म्हणाले, शेजारच्या कशाचा तरी उजेड पडला असेल. असेलही! कशाचा, ते त्यांना सांगता आलं नाही, आणि मलाही अजून सापडलेलं नाही.

त्या दिवशी पप्पा आत गेल्यावर मी पुन्हा बटण दाबलं होतं. आलेख स्वच्छ आला, हवा होता तसाच. आणि मी तिथेच मातीत बसून ढसाढसा रडले, कारण आता अंगणात मी एकटीच होते.