पटावर नसलेला मिट्ठू

खडूची धूळ आणि शाळेतले किस्से, दोन्हींचं सारखंच. रोज झटकायचे, रोज पुन्हा साचतात! स्नेहलतागंजातल्या घरी पोचले की चपला काढायच्या आधी नवरा विचारतो, "बोला, आज काय?"

मी इंदूरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. सुदामा नगरच्याही पुढे, नव्या बिल्डिंगा उठतायत तिकडे. आम्ही तिघंच: मी, रुखसाना मॅडम आणि आमचे हेडसर, पक्के जुने इंदुरी मराठी. त्या वर्षी शाळा उघडली आणि वरून निरोप आला. मुलं कमी, निकाल त्याहून कमी. सुधारणा दिसली नाही तर शाळा बंद करून दुसरीकडे जोडणार!

*

पहिल्याच आठवड्यात मी तिसरीच्या वर्गाला विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" हात वर झाले. कुणी भिली, कुणी निमाडी, मालवी, भोजपुरी. मागून पिंकी ओरडली, "मेडम, हमारे घर में इंग्लिश!"

"अगं बाई! कौन बोलता है?"

"मिट्ठू! पिंजरे में से गुड मॉर्निंग बोलता है!"

मी हसत हसत हेडसरांना सांगायला गेले. ते हसले नाहीत. पटसंख्येच्या काळजीत बुडालेला माणूस. पेनाचं टोपण काढून म्हणाले, "मिट्ठूचं वय काय आहे?"

*

मग आम्ही मुलं शोधायला निघालो. एका साइटवर थावरी भेटली. झाबुआकडची, आईबाप बांधकामावर, कडेवर धाकटी बहीण गुड्डी. आई म्हणाली, "ये स्कूल गई तो छोटी को कौन रखेगा?"

हेडसर म्हणाले, "दोनों को भेज दो, बाई!"

झालं! गुड्डी वर्गाच्या कोपऱ्यात बसून खडू चघळायला लागली. एकदा कुठलंसं लग्न होतं, निम्मा वर्ग गायब. मी हजेरी घेतेय, तर प्रत्येक नावाला कोपऱ्यातून उत्तर, "यस मेडम!" हेडसर दारात उभे. डोळे मिटून म्हणाले, "काय गोड वाटतंय ना ऐकायला!"

*

थावरी मात्र गप्प. पुस्तक हिंदीत आणि ही भिलीत विचार करणारी. मी सगळं करून पाहिलं, पोरगी तोंडच उघडेना. शेवटी रुखसाना मॅडमनी पाण्याच्या माठाकडे बोट दाखवलं. "तू इसको घर में क्या बोलती है?"

थावरी पुटपुटली. मॅडमनी तो शब्द जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. थावरी बघतच राहिली.

"मेडम, मेरी बोली भी लिखने में आती है?"

त्यानंतर तिला थांबवणंच मुश्किल! दार, खिडकी, बादली, सगळ्यावर खडूनं नावं. वर भिली, खाली हिंदी. एके सकाळी हेडसर आपल्या खुर्चीसमोर नुसतेच उभे.

"सर, बसा ना."

"मॅडम, बसू कसा? पुसलं जाईल ना!"

*

थंडीत तपासणी आली. साहेबांनी केळं खाल्लं आणि साल टाकलं निळ्या डब्यात. थावरी ताडकन उठली. "सर, वो सूखे कचरे का है. ऊपर लिखा तो है!"

हेडसरांचा चेहरा पांढराफटक.

"अच्छा? पढ़ के सुना," साहेब म्हणाले. तिनं वाचलं. "ये तो रोज देखती होगी," म्हणत त्यांनी स्वतःचा पेपर पुढे केला. थावरीनं बातमी वाचली, हळूहळू, पण एकही अक्षर न गाळता. मग मान वर करून म्हणाली, "सर, पीछे वाला पन्ना भी पढ़ूँ?"

मग आणखी मुलं वाचायला उठली. साहेब ऐकत राहिले. जाताना त्यांनी स्वतः वाकून ते साल उचललं आणि हिरव्या डब्यात टाकलं. "सर, स्कूल यहीं रहेगा. मैं ऊपर बोलता हूँ."

आणि खरंच राहिली हो शाळा! जीप वळणाआड गेली, तसे आमचे रिटायरमेंटला आलेले हेडसर व्हरांड्यात चक्क नाचले. रुखसाना मॅडम ताल द्यायला!

*

बातमी पसरली. एक दिवस गेटवर मोटार थांबली. मुलगी प्रायव्हेट शाळेत, फाडफाड कविता म्हणते, पण वाचता येत नाही, अशी वडिलांची तक्रार. "सर, आपके यहाँ एडमिशन मिल जाएगा?"

साइटोसाइट हात जोडत फिरलेले हेडसर खुर्चीत मागे रेलले. छताकडे बघितलं. "देखना पड़ेगा, भिया!"

ॲडमिशन अर्थात लगेच दिली. ते गृहस्थ गेल्यावर हेडसर म्हणाले, "सगळी नोकरी झाली मॅडम, हे वाक्य एकदा तरी बोलायचं होतं!"

*

आणि शेवटचा किस्सा. आसपासच्या शाळांची गोष्ट सांगायची स्पर्धा. नियम असा की भाषा कुठलीही चालेल. पुढे पाहुणे, परीक्षक. अगदी मागे, भिंतीला टेकून बसलेले आमच्या मुलांचे आईबाप, कामावरून तसेच आलेले, पायांना सिमेंट.

थावरी स्टेजवर गेली आणि तिनं भिलीत सुरुवात केली.

पुढच्या रांगा एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे मात्र पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. मग तर टाळ्या देऊन हसायला लागले सगळे! तिनं आवाज खाली आणला आणि सगळे एकदम चूप. थावरीची आई पदर तोंडाशी धरून बसलेली. गोष्ट संपली तेव्हा मागची सगळी रांग उभी होती.

परीक्षक पेन हातात धरून हेडसरांकडे वळले. "सर, हमें तो एक शब्द समझ में नहीं आया. नंबर कैसे दें?"

हेडसरांनी मागे हात केला. "उनसे पूछ लीजिए."

परीक्षक खरोखरच उठले, मागे वळले आणि विचारलं, "बताइए, कितने नंबर दूँ?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. मग थावरीच्या बापानं डोक्याचा गमछा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "पूरे."