झुलालभाऊंची थंड भट्टी

झुलालभाऊ धुळ्याकडचे. आधी वीटभट्टीवर, मग जळगावच्या एमआयडीसीत. तिथे टीव्हीत बसणाऱ्या सिरॅमिकच्या बारीक चकत्या भाजायच्या. सारी हयात जाळासमोर गेली, भुवया कधी धड उगवल्याच नाहीत.

त्यांची एक रीत होती. भट्टीच्या दाराशी एक चकती सुटी ठेवायची. तिला सगळे ‘पंच’ म्हणायचे. पंच बाहेर काढून नख ओढायचं. ओरखडा उठला नाही म्हणजे बाहेरचं भाजलं. आतल्या मालाला अजून थोडा जाळ द्यायचा.

सत्त्याण्णवला मायक्रोवेव्हची भट्टी आली, कपाटाएवढी. इंजिनिअर नेहेतेसाहेबांनी सांगून टाकलं की पहिला घाणा नीट उतरला तर हे यंत्र झुलालभाऊंचं, नाहीतर पॅकिंगला बसायचं. खोक्यांना चिकटपट्टी लावायच्या विचारानेच भाऊंची जेवणावरची वासना उडाली.

घाणा लागला. भाऊंनी दाराला हात लावला. गार.

‘‘साहेब, आग कोठे शे?’’

साहेब म्हणाले, आग नाहीच, लहरी आहेत. भाऊंनी मान हलवली आणि आपल्या रितीने यंत्र थांबवून पंच काढला. नख ओढलं, खडूसारखा ओरखडा. अजून चालवलं. पुन्हा कच्चा. अजून चालवलं. शेवटी भट्टीतली मालाची पेटी उघडली तर कडेच्या चकत्या कच्च्या आणि मधल्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या, काळा गोळा.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग समजावलं, की इथे उष्णता बाहेरून आत जात नाही, चकतीच्या पोटातच उपजते. कडा गार पडतात, मधला माल आधी भाजतो.

‘‘मंग मी काय दखू?’’

साहेबांनी यंत्रावरच्या तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा खुणेवर आला की बंद. आणि कडेची उष्णता टिकावी म्हणून पेटीला आतून जाड पांढरं अस्तर लावून आणखी एक संधी दिली.

दुसऱ्या घाण्याला पंच ठेवला नाही. भाऊ हात बांधून काट्यासमोर उभे राहिले, रेल्वेची वाट बघावी तसे. माल कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा उतरला. साहेबांनी पाठ थोपटली, यंत्र तुमचंच म्हणाले. भाऊंना कळेना, पाठ नेमकी कशाबद्दल थोपटली.

घरी बायकोने, तानुबाईने विचारलं, पॅकिंगला धाडलं की काय.

‘‘नई, भट्टीवरच शे. पण भट्टी काय करस, ते माले माहीत नई.’’

‘‘मंग पगार कोणले भेटस?’’ भाकरी उलथत ती म्हणाली, ‘‘तुमले का भट्टीले?’’

भाऊ खरोखरच विचारात पडले.