खिशातला उजवा हात

मारुतराव खोत कडबाकुट्टीपाशी उभे राहिले की त्यांचा उजवा हात खिशात जाई. यंत्र चालू असो वा बंद. वैरण डाव्या हाताने घालत, पट्टाही डाव्यानेच चाचपत आणि मालक समोर आले तर डाव्यानेच नमस्कारासारखे काहीतरी करत. सांगलीच्या आमच्या कारखान्यात नव्याने लागलेल्यांना वाटे, माणूस मोठा गर्विष्ठ आहे. मी तिथे ड्रॉइंग खात्यात नकाशे काढत असे. माझा अंदाज होता की हातात काही दोष असावा. पहिल्याच दिवाळीला त्या हाताची थाप माझ्या पाठीवर बसली आणि तो अंदाज मी मागे घेतला.

गाव त्यांचे कराडकडचे. पलटणीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करून ते पेन्शनीत आले, आमच्याकडे फिटर म्हणून लागले आणि फोरमन झाले. हातात पेन्सिल असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी ‘रायटर’ होता, त्यामुळे मीही रायटरच. बहात्तरच्या दुष्काळाने लोकांना वैरणीची काडी न् काडी तोडून घालायला शिकवले होते. कडबाकुट्टी खपत होती. मारुतराव ती जोडत होते आणि बरे चालले होते.

मग धाकटे मालक मुंबईहून व्यवस्थापनाचे कसलेसे शिक्षण घेऊन आले. परदेशात म्हणे प्रत्येक मालाला एक धनी असतो, त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. आमचा माल तीन प्रकारचा, म्हणून धनीही तीन झाले. कडबाकुट्टीचे धनी मारुतराव. त्यांना काच लावलेले टेबल मिळाले, फिरणारी खुर्ची मिळाली, नावाची पाटी मिळाली. माणसे मात्र मिळाली नाहीत. पूर्वी त्यांच्या हाताखाली अकरा जण होते, बढतीनंतर एकही उरला नाही.

“रायटर, मंजी मी करायचं काय?” पाटी लागली त्या दिवशी त्यांनी मला विचारले.

“यंत्राची सगळी जबाबदारी तुमची.”

“आन् हुकूम कुनाचा?”

“तो ज्याच्या त्याच्या खात्याचा.”

ते बराच वेळ खुर्ची डावीकडून उजवीकडे फिरवत बसले. “पलटनीत हुकूम देनारा असतोय, न्हाई तर ऐकनारा. ह्यो मधला कोन रं गड्या? लढाई हरली तर कोर्टमार्शल मातर माझंच.” या पदाचे याहून नेमके वर्णन मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचले नाही.

पण आठवड्याभरात ते माझ्या टेबलाशी आले. यंत्रात वैरण सरकवायची पत्र्याची पन्हळ असते, ती त्यांना लांब करून हवी होती. किती, असे मी विचारले, तर त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंतचा आपला हात माझ्या कागदावर आडवा ठेवला. “एवढी. आत सारलेला हात पात्यापत्तुर जाता उपेगी न्हाई.”

“कुणाचा हात धरायचा?”

“बाईमानसाचा. पर तुमी माझाच धरा, जास्तीचं असू द्या.”

त्या पन्हळीसाठी ते चार महिने भांडले. टेंपोत यंत्र मावत नाही म्हणून विक्रीवाले ओरडले, पत्रा वाया जातो म्हणून स्टोअरवाले. मारुतराव प्रत्येकाच्या दारात डाव्या हाताने चौकट धरून उभे राहिले. साहेबाच्या एका सहीसाठी माणूस तहसील कचेरीत जसा उभा राहतो, तसे. शेवटी लांब पन्हळीचे यंत्र निघाले.

त्याच सुमाराला मुंबईच्या कुठल्याशा संस्थेचा एक छापील इंग्रजी फॉर्म आला. प्रॉडक्ट मॅनेजर कुठून येतात, दिवसभर काय करतात आणि कामात कितपत सुखी असतात, याचा शोध लावण्याचे त्या संस्थेने मनावर घेतले होते. धाकट्या मालकांना अभिमान वाटला. फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे आले.

“या पदावर येण्यापूर्वी आपण काय करत होता?” मी मराठीत वाचून दाखवले.

“लिवा, काम.”

“हाताखाली किती माणसे?”

“एकबी न्हाई. वर किती, ते इचारलं न्हाई व्हय त्येंनी?”

“दिवसाचा बहुतेक वेळ कशात जातो?”

“दुसऱ्याच्या खात्यात उभं ऱ्हान्यात. फौंड्रीवाला म्हनतो इक्रीवाल्याला इचारा, इक्रीवाला म्हनतो मालकास्नी इचारा, मालक म्हनत्यात आवं खोत, तुमीच तर धनी.”

मी हे सगळे सभ्य इंग्रजीत उतरवत होतो आणि उतरवताना त्यातला जीव जात होता. शेवटचा प्रश्न होता, आपण कामात समाधानी आहात का? पुढे चार चौकटी होत्या. पूर्ण, बऱ्यापैकी, थोडे, मुळीच नाही. मारुतरावांनी त्या चौकटी बोटाने मोजल्या.

“ह्ये मी आक्काला इचारून सांगतो,” ते म्हणाले.

आक्का म्हणजे पलूसला दिलेली त्यांची थोरली बहीण, एवढे मला ठाऊक होते. भावाच्या समाधानाची नोंद तिच्याकडे कशी, ते कळले नाही. वाट पाहून मी फॉर्म तसाच, शेवटच्या चौकटी कोऱ्या ठेवून टपालात टाकला.

महिन्याभरात विक्रीवाल्यांच्या तक्रारी आल्या. गिऱ्हाईक लांब पन्हळ ठेवतच नव्हते. गावच्या लोहाराकडून छाटून घेत होते. धाकट्या मालकांनी मारुतरावांना बोलावले. “खोत, लोकांनाच नको तर आपला अट्टाहास कशाला? हा महिना बघू. नाहीतर पुन्हा जुना नकाशा.”

दुसऱ्या दिवशी मारुतराव मला घेऊन पलूसला गेले. आक्का गोठ्यातच होती. काटक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोवलेला. शेजारी आमची कडबाकुट्टी, आणि तिची पन्हळ छाटलेली. छाटलेला पत्रा वाकवून त्यात कोंबड्यांना पाणी ठेवले होते.

मारुतरावांचा उजवा हात खिशात गेला. “आक्का, तूबी कापलीस? तुझ्यासाटनं केली व्हती ती, पैली तुलाच धाडली व्हती.”

“मग काय पुजायची व्हय?”

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला तेव्हा मला दिसले. उजव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापासून नव्हती. मी मारुतरावांकडे पाहिले. ते जमिनीकडे बघत होते. “भाऊबीजेची ववाळनी,” ते मला एवढेच म्हणाले. ते यंत्र त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी, आखूड पन्हळीच्या काळात, स्वतः जोडून, हळदकुंकू लावून बहिणीच्या ताटात घालावे तसे तिच्या गोठ्यात आणून बसवले होते. दुसऱ्याच महिन्यात तिचा हात आत गेला होता.

आक्काला या गोष्टीत रस नव्हता. तिने बटण दाबले, कडब्याची पेंढी सारली, ती सरळ आत गेली. मग उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, मोळी उचलली. “आता बघ. हितं कडबा चार म्हैनं, बाकी समदं वाढंच की. ह्ये वलं. तुझा रूळ त्येला धरतच न्हाई, नुसता चाटतोय.” खरेच, वैरण आत ओढणाऱ्या रुळाशी जाऊन हिरवी पाने तिथेच घसरत राहिली. “मग हातानं ढकलाय लागतंय. लांब पन्हळीत हात पोचत न्हाई. बांबू घातला, बांबू मोडला.”

“आक्का, ढकलन्यानंच तर तुझी...”

“माझी बोटं गेली ती मला ठावं हाय. म्हशीला काय ठावं?”

मारुतरावांनी यंत्राचे बटण बंद केले. मग हळूच म्हणाले, “इतकी वर्सं बोलली न्हाईस ती.”

“तू इचारलंस कवा? येतोस, मान खाली घालून च्या पितोस, जातोस. एकदा तरी उभा ऱ्हायलास का हितं?”

परतीच्या एसटीत ते धुळकट काचेवर बोटाने रुळाचे दात काढून बघत होते. मी मात्र गोंधळून गेलो होतो. माझ्या नकाशात कडबाही नव्हता आणि वाढेही नव्हते. तिथे वैरण म्हणजे एक बाण होता.

पुढचे दिवस ते फौंड्रीतच होते. रुळाला खोल दात पाडायचे, ओले वाढे पकडून ओढतील असे. हे मात्र त्यांनी कुणाला विचारले नाही. साचा स्वतः कोरला. पहिले दात वाढे चिरडत, दुसरे अडकत. तिसरा रूळ ओतला त्या आठवड्यात धाकट्या मालकांना नवा साक्षात्कार झाला आणि धन्यांच्या जागी समित्या आल्या. मारुतरावांची पाटी निघाली, खुर्ची गेली. ते पुन्हा फोरमन झाले. जाताना त्यांनी मालकांना एकच गोष्ट मागितली, नवा रूळ आणि लांब पन्हळ टेंपोत घालून पलूसला न्यायची परवानगी. धाकटे मालक समितीच्या नावांत गुंतलेले होते, ते हो म्हणाले.

सोमवारी मी शेडमध्ये गेलो तेव्हा चाचणीचे यंत्र चालू होते आणि मारुतराव डाव्या हाताने वाढे सारत होते. मला पाहून ओरडले, “रायटर, ती चौकट भरा आता!”

“अहो, तो फॉर्म जाऊन दोन महिने झाले.”

“मग दुसरी काढा.”

मी हातातल्या नकाशाच्या पाठीवर चार चौकटी काढल्या, वर नावे लिहिली. “काय म्हणाल्या आक्का?”

“उभा ऱ्हायलो. दोन भारे वाढं घातलं तिनं. हात आत घालाय लागला न्हाई, बांबूबी न्हाई. मी इचारलं, बरं हाय का? तर म्हनली, दुधाला उशीर व्हतोय, सर बाजूला.” त्यांनी चौकटींकडे पाहिले. “ह्ये ह्यातल्या कंच्यात बसतंय?”

मला सांगता येईना. आजही येत नाही. मारुतराव जाऊन बरीच वर्षे झाली, त्या संस्थेने काय शोध लावला तेही कळले नाही. त्या दिवशी मी पाचवी चौकट काढली, तिच्यावर काहीच लिहिले नाही आणि पेन्सिल त्यांच्यापुढे धरली.

शेजारी यंत्र फिरत होते. मारुतरावांनी खिशातून उजवा हात काढला, पेन्सिल घेतली आणि त्या चौकटीत बरोबरची खूण केली. मग जरा लांबून बघितली, पुन्हा वाकले आणि तीच खूण गिरवून ठळक केली.