अजून एक राहिलंय

रोज सकाळी टायपिस्टबाई कॉम्प्युटरवरचं फडकं काढत, चौघडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकत, बटण दाबत आणि चहा ठेवायला जात. चहा गाळून कप घेऊन येईतो पडदा नुकता उजळलेला असे. कचेरीतून निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना टायपिस्टबाईच म्हणत आणि अर्जबिर्ज टाइप करून न्यायला येत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक दूरच्या शहरात नोकरीला.

सुट्टीवर आलेल्या लेकीला त्या यंत्राचं रखडणं बघवेना. जुनं विंडोज पुसून तिने त्यावर लिनक्स चढवलं. फुकट मिळणारं, म्हाताऱ्या कॉम्प्युटरलाही झेपणारं. दुसऱ्या सकाळी चहाचं पाणी कोमट व्हायच्या आत पडदा हजर. "हा तर माझ्याआधी उठायला लागला," बाई म्हणाल्या. त्यात कौतुक कमी, तक्रार जास्त होती.

पण नुसतं चढवून भागत नाही, नवं घर लावावं तसं एकेक लावावं लागतं. वाय-फाय सापडेना, तेव्हा फोन वायरने जोडून इंटरनेट घेतलं. मराठीच्या जागी चौकोन दिसत होते, म्हणून फॉन्ट घातले. बाईंच्या बोटांच्या सवयीचा कीबोर्ड निवडला, अक्षरं मोठी केली, प्रिंटरशी ओळख करून दिली. सगळं मार्गी लागलं आणि लेकीने बॅग भरायला घेतली.

तर मराठी उमटेना. ते केलं, तर प्रिंटर रुसला. "अजून एक राहिलंय बघ," बाई दारात येऊन सांगत. नव्या सुनेत सासूही इतक्या चुका काढत नसेल, असं म्हणून लेक पुन्हा बसे.

निघायच्या आदल्या दुपारी ती अंघोळ लवकर आटपून बाहेर आली. बाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. सेटिंगमध्ये मराठीसमोर खूण होती. ती त्यांनी हलकेच काढली, सेटिंगचं पान बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

लेक पावलं न वाजवता मागे फिरली आणि न्हाणीघराचं दार आपटून पुन्हा बाहेर आली.

"मराठी गेलं गं परत."

"किचकट दिसतंय. थांबावं लागेल दोन दिवस."

"साहेब ओरडेल तुझा."

"ओरडू दे."

त्या दोन दिवसांत कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही.

लेक गेली ती लवकर येते म्हणून. मग कामं निघत गेली आणि येणं पुढे सरकत राहिलं. 'ये' असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. काय बिघडलंय तेवढं फोनवर सांगत. आणि खूण कोण काढतं ते ठाऊक असूनही लेक दुरूनच, इंटरनेटवरून, बोलता बोलता ते दुरुस्त करून टाकी.

एका पहाटे बाई झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. लेक घाईत होती, नंतर सांगते म्हणाली. बाईंनी विचारलं होतं ते एवढंच:

"नवं अपडेट आलंय असं खाली लिहिलंय. करू, का तू येईपर्यंत ठेवू तसंच?"