टीव्हीचे कपाळ

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. डहाणूच्या आमच्या घरात बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल ओढून क्रिकेट पाहत होते, आणि मी स्वयंपाकघरात तलासरीच्या आत्याचा फोन घेत होते. भाऊबीज होती.

"त्याला म्हणावं, येत नसशील तर मोबाईल चालू ठेव, मोबाईललाच ओवाळते," आत्या म्हणाली. "गुडघा दुखतो म्हणे! गुडघ्याने स्कूटर चालवतो का तो?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. दर भाऊबीजेला बाबा स्कूटरवरून तिच्याकडे जात. यंदा त्यांनी गुडघ्याचे निमित्त पुढे केले होते. मी मात्र पुण्याहून आल्यापासून त्यांना जिना चढता-उतरताना पाहत होते. गुडघा ठणठणीत होता.

फोन ठेवून मी बाहेर आले. "बाबा, चित्र किती काळपट आहे!"

ते गर्रकन वळले. "तुलासुद्धा तसंच दिसतंय?"

मग सगळी हकिगत बाहेर आली. बाबांनी उभी नोकरी रेल्वेचे इंजिन चालवण्यात घालवली. तिथे ठरावीक मुदतीने डोळे तपासत आणि नापास होणाऱ्याला गाडीवरून उतरवत. दसऱ्यापासून टीव्ही त्यांना अंधूक दिसू लागला. आईला विचारले, तर तिचे उत्तर होते, "मालिका मी ऐकते. बघायला वेळ कुणाला आहे?" तेव्हा बाबांनी स्वतःच स्वतःला नापास केले आणि स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"पुढच्या आठवड्यात तुझी मुलाखत. ती सोडून माझे डोळे घेऊन फिरली असतीस."

ते खरे होते. मी रिमोट उचलला.

वाहिनी बदलली, फरक नाही. सेटिंग उघडले, तर त्याची अक्षरेही तितकीच मंद. ती अक्षरे टीव्ही स्वतः दाखवतो, म्हणजे केबल आणि सेट-टॉप बॉक्स दोन्ही निर्दोष. ब्राइटनेस आधीच शंभरावर होता. राहिला तो बारीक सेन्सर, जो खोलीतला उजेड पाहून चित्राचा उजेड ठरवतो: खोली अंधारी, तर चित्र मंद. पण खोलीत तर लख्ख ऊन होते. मोबाईलचा टॉर्च लावून मी पडद्याखालची पट्टी निरखली. सेन्सरवर नेमके हळदकुंकवाचे वाळलेले बोट होते.

"आई!"

दसऱ्याला आमच्याकडे स्कूटर, मिक्सर, विळी, टीव्ही, सगळ्यांची पूजा होते. जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीला आई वरच्या अंगाला कुंकू लावायची. हा नवा टीव्ही गणपतीत आलेला.

"याला कपाळच नाही गं," पदराला हात पुसत ती म्हणाली. "एवढा पातळ! खाली एक गोल दिसला, म्हटलं, हेच असेल."

"त्याच्या डोळ्यात बोट घातलंस," बाबा म्हणाले, "आणि आंधळा मला केलंस."

"मग बोलायचं होतंत. एवढं इंजिन चालवलंत, तोंड चालवायला काय झालं होतं?"

ओले फडके फिरवले आणि मैदान हिरवेगार झाले. बाबा हसत किल्लीकडे निघाले. मी आडवी गेले. टीव्ही दोषी ठरला म्हणून डोळे निर्दोष ठरत नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी हिशेबाने मापात अक्षरे काढली, अंगणात टेपने सहा मीटर मोजले आणि त्यांना चष्मा लावून तुळशीपाशी उभे केले. एक डोळा तळहाताने झाकताच ते नोकरीतल्यासारखे ताठ झाले.

सर्वांत बारीक, म्हणजे ६/६ च्या ओळीत, एकेका डोळ्याने, दोन्ही वेळा ते अडले.

"पुन्हा घे."

"नाही. वरची, सहा-नऊची ओळ वाचा."

ती त्यांनी न चुकता वाचली. "आमचे डॉक्टरसुद्धा एवढे कडक नव्हते," ते पुटपुटले.

"पास की नापास?" आईने दारातून विचारले. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"स्कूटरपुरते पास. अंधारात मात्र मी चालवणार, आणि मुलाखतीआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण तिघेही जाणार."

अट मंजूर झाली. मी आत्याला फोन लावला. "ताट तयार ठेव. मोबाईल नको, माणूसच येतोय."

बाबांनी स्कूटर बाहेर काढली; तिच्या कपाळावरचे दसऱ्याचे कुंकू तसेच होते. मागे बसताना मी मोबाईलमध्ये नोंद केली: दोन्ही डोळे, चष्म्यासह, ६/९.