झुंबरबाईने बुजवलेली भोकं

झुंबरबाई, तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पत्ता ठाऊक नाही, आणि असता तरी तुला वाचता येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेशील तर तो मधेच आपली अक्कल पाजळणार. तरी लिहिते. खर्ड्यात हल्ली सूर्यभान कातारी कोण म्हणून विचारलं, तर म्हातारी माणसं सांगतात, "लाटणी लई गुळगुळीत करायचा." तुझं नाव कुणी घेत नाही. ते लाटणं तुझ्या दोरीवर गुळगुळीत होत होतं, हे एकदा कुणीतरी मांडायला हवं. तुला आवडो न आवडो, घडलं तसं, गोष्टीसारखं मांडते.

झुंबरबाई लग्न होऊन खर्ड्यात आली आणि सूप-चूल समजायच्या आधी चरकासमोर बसली. चरक म्हणजे काय, तर दोन खुंटांमध्ये अडकवलेलं लाकूड, त्याला दोरीचे वेढे. समोर बसून दोरीची टोकं आळीपाळीने ओढायची, की लाकूड गरगर फिरतं आणि पलीकडून नवरा त्यावर पटाशी धरतो. लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर, सगळं असंच कातून निघायचं. सुरुवातीला सूर्यभान खेकसायचा, "दोरी वढती का बैल हाकती?" पुढे त्याला बोलावं लागेना. पटाशी गाठीवर आली की आवाज बदलतो. तो बदलायच्या आत झुंबरबाईचा हात सैल पडायचा.

तिचं दुसरं काम बुजवायचं. लाकडाला भेग असो, किड्याचं भोक असो, भुसा आणि तापवलेली लाख भरून तिने ते असं झाकायचं की गिऱ्हाईकाच्या बोटाला लागू नये. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भोक दिसलं तर कातारणीची अब्रू गेली, हे तिला सासूने शिकवलं होतं.

बहात्तर साली पावसाने दगा दिला. लग्नं लांबली, पाळणे कोण घेतो? चरक महिनोन्‌महिने उभाच राहिला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं तिथे झुंबरबाई खडी फोडायला जाऊ लागली. सूर्यभानही चार दिवस गेला, पण त्याचा एक पाय लहानपणापासून अधू. पाटी घेऊन चढण चढवेना. मुकादमाने त्याला घरी पाठवलं. दिवसभर तो चरकाशेजारी बसून पटाशांना धार लावायचा. कापायला काही नाही, पण धार मात्र चालूच. तिला ते बघवत नसे.

भादव्यात पुण्याच्या एका दुकानाचा मालक किल्ला बघायला आला आणि पाणी मागायला यांच्या दारात थांबला. सरपणात बाभळीचा एक गाठाळ ओंडका पडला होता. भुंग्याने पोखरलेला, एका अंगाला लांब भेग. दुकानदाराने तो उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाला,

"याची फुलदाणी करा. भेग, भोकं, सगळं तसंच राहू द्या. काही करू नका. पसंत पडली तर दर महिन्याला माल घेईन."

दर महिन्याला! सूर्यभानने त्या माणसाचं भांडं विसळायचंही भान ठेवलं नाही, लगेच ओंडका चरकाला लावला. झुंबरबाई कामावर होती, म्हणून दोरीला त्याचा धाकटा भाऊ छगन बसला. पहिल्याच गाठीवर पटाशी अडकली, ओंडका निसटून छगनच्या मांडीवर बसला.

"वयनीच बरी तुला!" छगन लंगडत निघाला. "मी मेलो तर तुझी फुलदानी माझ्याच दहाव्याला मांडशील."

संध्याकाळी सूर्यभान बायकोला म्हणाला, "उद्या खाडा कर."

"खाडा केला तर नाव कापत्यात. रांग लागली हाय तिथं."

"हे जमलं तर तुला खडी फोडाया जावं लागनार न्हाई. आन् कोयता घिऊन उसालाबी न्हाई."

निम्मं गाव दिवाळीनंतर प्रवरेकाठी ऊस तोडायला जायच्या बेतात होतं. या पायाने नवरा मोळी उचलणार कशी, हा घोर तिला आधीपासून होता. तिने खाडा केला.

सकाळपासून दोघं बसली. असं लाकूड कातणं म्हणजे खोड्याळ जनावराचं दूध काढणं. भेगेशी आलं की तिने दोरी नुसती धरल्यासारखी धरायची, पुढे गेलं की ओढायची. दुपारी तो म्हणाला, "पानी पिऊन घे." ती म्हणाली, "आता सुटलं तर हात बिघडंल." दिवस कलता फुलदाणी उतरली. तांबूस अंग, भेग मानेपासून बुडापर्यंत वाकडी गेलेली, कडेला तीन काळी भोकं. सूर्यभान ती मांडीवर घेऊन बसला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "झुंबरे, लई बेस जमलीया."

मग तो पुण्याच्या गाडीची चौकशी करायला आणि दाढी करून घ्यायला बाहेर पडला.

झुंबरबाईने फुलदाणी हातात घेतली. बोट भोकात गेलं. आता ही बाई काही वेडी नव्हती. दुकानदार काय म्हणाला, ते तिला नवऱ्याने शब्दन्‌शब्द सांगितलं होतं. पण दारात आलेला पाहुणा 'राहू द्या, काही करू नका' म्हणतो, तेव्हा आपण चूल पेटवायची नसते का? सोयरिकीला आलेली माणसं 'आम्हांला काही नको' म्हणतात, तेव्हा मुलीचा बाप हात जोडून स्वस्थ बसतो का? मोठा माणूस चांगुलपणाने बोलला. आपण आपलं समजून करायचं. अशी भोकाभोकांची वस्तू पुण्याला गेली, तर तो म्हणेल कातारीण आळशी. तिने लाख तापवली. भोकं भरली, भेग भरली, घासली. उभ्या आयुष्यात तिने इतकं चोख काम केलं नव्हतं. लुगड्याच्या धडप्यात फुलदाणी गुंडाळून वर गाठ मारली, आणि नवरा आल्यावर म्हणाली, "आता सोडू नगा. धक्का लागंल."

गाठ सुटली ती पुण्यात, दुकानाच्या फळीवर.

मालकाने फुलदाणी फिरवून पाहिली. "अहो, हे काय केलंत? असल्या गुळगुळीत तर माझ्याकडे ढीगभर पडल्यात."

सूर्यभानला क्षणात कळलं, कुणाचा हात आहे. पण तो एवढंच म्हणाला, "झालं माझ्या हातून." दुसरी करून आणतो म्हणावं, तर तसला ओंडका पुन्हा कुठून आणायचा? मालकाचंही मन उडालं होतं. फुलदाणी परत न्यायची सूर्यभानला लाज वाटली. तशीच तिथे सोडून तो गाडीत बसला.

घरी झुंबरबाई दारातच उभी होती. "पसंत पडली?"

"त्यान्ला भोकंच पायजे हुती."

"भोकं?" ती म्हणाली. "खरंच?"

तो शिव्या देईल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने दिल्या नाहीत. पटाशांना धार लावणंही त्या दिवसापासून बंद झालं. तलावावर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. मुकादम म्हणाला, "घरचं काम मोठं हुतं न्हवं? मग तितंच जा." दिवाळी झाली, ट्रक आला. चरकाचे खुंट सूर्यभानने स्वतःच फोडून सरपण म्हणून बांधून घेतले, आणि दोघं देवळाली प्रवरेकडच्या टोळीत चढली. ऊस तोडणार ती एकटीच आणि एका कोयत्यावर दोघांचं भागणार नाही, हे टोळीच्या मुकादमालाही दिसत होतं. त्याने सूर्यभानच्या पायाकडे बघून तोंड वाकडं केलं.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात शिकवत होते, सणाला खर्ड्यात माहेरी आले होते. ट्रक सुटता सुटता तू फळीवरून वाकून मला म्हणालीस, "ताई, पुन्याला गेलात तर ती तेवढी आना. लाख उन्हात धरली का मऊ होती, सुईनं काढीन सगळी. यान्ला एकदा हुती तशी करून दावायची हाय."

मी आणते म्हणाले. नाताळच्या सुट्टीत गेले, तर दुकान बंद. उन्हाळ्यात गेले, तर तिथे चपलांचा व्यापारी बसला होता, आणि आधीच्या माणसाचा माल कुठे गेला ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच उन्हाळ्यात टोळी परत आली. सूर्यभान तिकडेच तापाने गेल्याचं टोळीवाल्यांनी सांगितलं. तू ट्रकमधून उतरली नाहीस, आणि कुठे गेलीस ते कुणाला सांगता येईना. फुलदाणी आणायची राहिली.