सातला जाणारं नेट

संध्याकाळचे सात वाजले की माझ्या कॉम्प्युटरचं नेट जायचं. मोबाईलवर वायफाय चालू, फक्त कॉम्प्युटरवर बंद. आठ वाजले की आपोआप परत. मधला तासभर मी त्या मेल्या यंत्राला काय काय बोलले असेन, ते लिहायची सोय नाही.

वसमतला मी गणित शिकवते. दिवसा शाळा, आणि सातला दहावीच्या चार मुलींचा ऑनलाइन क्लास. मुली औंढ्याच्या पलीकडच्या तांड्यावरच्या. बाप शेतातून घरी आला की घरातला एकुलता मोबाईल पोरीच्या हातात पडतो, म्हणून वेळ सातचीच. स्क्रीनवर आकृत्या काढून दाखवायला मला कॉम्प्युटर लागतो. मोबाईलवर भूमिती शिकवून बघा एकदा! मोबाईलचा डेटा कॉम्प्युटरला जोडून पाहिला, पण आमच्या घरात रेंज म्हणजे आली तर आली.

शेवटी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, क्लास व्हईना, तं पोरगी मोबाईल घेऊन काय करून राहिली? या आठवड्यात झाला तं झाला, न्हाई तं बंद." त्यांचं काही चुकत नव्हतं. एकीचं बंद झालं की बाकीच्या तिघींचंही होणार, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली.

आमचे हे दिवाळीच्या आधी गेले. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकानातच खाली बसले आणि संपलं. माझ्याशी एक शब्द नाही, आईशी नाही. रोज सातला दुकान बंद करून घरी यायचे. म्हणून सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, नेटचं निदान लगेच करून टाकलं. "त्याचीच येळ हाय ही. घरी येऊन राहिला त्यो." मग त्या रोज सातला डोक्यावर पदर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायला लागल्या. बोलायच्या काही नाहीत. आठपर्यंत नुसत्या बसायच्या.

मी गणिताची बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण सात वाजत आले की माझेही कान गल्लीकडं लागायचे. एकदा नेट गेलं आणि त्याच वेळी दारात गाडी थांबली. "आले, आले," म्हणत मी उठलेसुद्धा. गाडी शेजाऱ्यांची होती. आत्या माझ्याकडं बघत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्यावरच ओरडले, "काय बघता?"

केबलवाला दुपारी यायचा आणि म्हणायचा, "नेट तं चालूच हाय मॅडम." मी म्हटलं, "सातला ये, मग सांग." आला. माझ्या कॉम्प्युटरची वायर काढून त्यानं स्वतःच्या लॅपटॉपला लावली. चालू! परत माझ्या कॉम्प्युटरला लावली, बंद. वायर बदलली, राउटरच्या दुसऱ्या खाचेत घातली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटर राउटरपर्यंत बरोबर पोचत होता, पुढं मात्र काही जात नव्हतं. "रिसेट मारतो," तो म्हणाला, "आतलं सगळं कोरं होईल." आत्या उठल्या आणि राउटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या लेकरानं बसवलेलं हाय. कोरंबिरं काही करायचं न्हाई." बिचारा गुमान चप्पल घालायला लागला. जाता जाता मला म्हणाला, "मोबाईलवरून राउटरच्या आतलं पान उघडून बघा. पासवर्ड साहेबांनी बदललेला हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या बसले. पासवर्ड म्हणून ह्यांच्या गाडीचा नंबर टाकला. या माणसाचं सगळं त्याच नंबरावर उघडायचं. उघडलं. कोणत्या यंत्राला किती वाजता नेट द्यायचं नाही, हे ठरवायची तिथं सोय असते. लोक लेकरांसाठी वापरतात. आमच्याकडं तिथं एकच नियम होता. माझा कॉम्प्युटर, सात ते आठ, रोज.

मग सगळं आठवलं. हे होते तेव्हाही संध्याकाळी नेट जायचं. मी शाळेची माहिती भरत बसलेली असायचे आणि हे दारातून विचारायचे, "गेलं का नेट? मरू दे, ये अंगणात, बस जरा." तेव्हा क्लास नव्हता, काम उद्यावर ढकलता यायचं, मग घड्याळ कोण बघतंय! मी केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडायचे, आणि हेही माझ्या जोडीनं मोडायचे. लबाड माणूस! मी एकटीच मोठ्यानं हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही.

पण क्लासला थोडाच वेळ उरला होता. मी नियम काढून टाकला.

त्या संध्याकाळी चौघी मुली आल्या, समरूप त्रिकोण झाले, कुणी मध्येच तुटलं नाही. आत्या मागं बसून होत्या. आठ वाजता म्हणाल्या, "आज काहून न्हाई आला?"

खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगितलं.

"मंजी रोज त्योच बंद करून राहिला व्हता."

"व्हय, आत्या."

"आन् तू काढून टाकलंस."

"पोरींचा क्लास होता."

"पोरी शिकू दे. पण मला सांगायचं तरी. दुकानातून गेला, तवा मला त्याच्याशी बोलाया मिळालं न्हाई. इथूनबी तू तसाच धाडलास."

माझ्या डोक्यात फक्त चार मुली होत्या. ही पाचवी बाई माझ्या पाठीशीच बसलेली होती.

रविवारी क्लास नसतो. रविवारी मी तो नियम परत घातला आणि आत्यांना हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. सात वाजले. नेट गेलं.

आत्या ह्यांच्याशी पहिल्यांदाच बोलल्या. "जेवलास का?" मग म्हणाल्या, "हितं आता पोरींचा अभ्यास असतो, बाबा. तू नको येत जाऊ. आमी दोघी हाव एकमेकीला." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काढ."

मोबाईल माझ्या हातात होता. माझं बोट पुढं जाईना. "मला न्हाई व्हत, आत्या."

"कुठं दाबायचं ते दाव."

मी दाखवलं. त्यांनी दाबलं, पण लागलंच नाही. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं.

नेट आलं. तेव्हा आत्या रडल्या. ह्यांना दुकानातून घरी आणलं, त्या दिवशीसुद्धा त्या रडल्या नव्हत्या.